सद्गुणांचा अभ्यास आणि वयाची अट

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, तत्त्वज्ञान घेतलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ॲरिस्टॉटलचे सद्गुणनीतिशास्त्र असते: नियमांपेक्षा माणसाच्या गुणांवर भर देणारा नीतिविचार. एक्यूए परीक्षा मंडळाच्या २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमात ते परिणाम मोजणारा उपयोगितावाद आणि कर्तव्यावर बोट ठेवणारा कांट यांच्या पंक्तीला बसले आहे. चोरी, खोटे बोलणे, मांसाहार, इतकेच काय, कॉम्प्युटर गेममधल्या लुटुपुटूच्या हत्येलाही मुलांनी ते लावून पाहायचे. गंमत म्हणजे तरुण माणूस या व्याख्यानांचा योग्य श्रोता नव्हे, असे खुद्द ॲरिस्टॉटलनेच 'निकोमाखियन एथिक्स'च्या सुरुवातीला बजावले आहे. त्याला आयुष्याचा अनुभव नसतो आणि तो विकारांमागे धावतो.

वयाचा हा घोळ त्याच्याही आधीचा. इ.स.पू. पाचव्या शतकात प्रोटागोरससारखे सोफिस्ट अथेन्सच्या तरुणांना फी घेऊन 'आरेते' शिकवत. आरेते म्हणजे नुसता सदाचार नव्हे. डोळ्याची आरेते नीट दिसण्यात, घोड्याची दौडण्यात. 'औषधाचा गुण आला' म्हणतो त्यातला गुण तिच्या जास्त जवळचा. 'सद्गुण' हा तिचा रूढ प्रतिशब्द जरा सोवळ्यातला वाटतो. सॉक्रेटिसने फी घेतली नाही, पण गाठले ते तरुणांनाच. प्लेटोच्या 'खार्मिडीझ' संवादात तो एका पोरसवदा मुलाला संयम म्हणजे काय ते विचारतो. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, त्यात तरुणांना बिघडवल्याचाही आरोप होता.

ॲरिस्टॉटल स्वतः प्लेटोच्या अकादमीत आला तो सतराव्या वर्षी! त्याच्या मते सद्गुण सवयीने मुरतात: वाजवून वाजवून वादक, तसा न्यायाने वागून वागून न्यायी. म्हणून लहानपणचे वळण तो सर्वस्व मानतो. पण भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्यामधले धैर्य ऐन प्रसंगी कुठे असते, हे ओळखायला लागणारे शहाणपण वर्षांनीच येते. पोरे भूमितीत तरबेज होतात, यात नाही. अर्थात, वयाने कोवळा काय नि स्वभावाने कोवळा काय, फरक नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा विचार ख्रिस्ती धर्मशास्त्रात मुरवला. आधुनिक काळात मात्र कर्तव्य आणि परिणाम यांच्या हिशेबांपुढे तो मागे पडला. १९५८ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकम यांनी एका लेखात सुनावले, की कायदा घालून देणारा देव मानायचा नाही आणि नैतिक 'पाहिजे' मात्र धरून ठेवायचे, याला अर्थ नाही. तिथून तत्त्वज्ञांचे लक्ष पुन्हा सद्गुणांकडे वळले. १९८१ मध्ये तत्त्वज्ञ ॲलास्डेअर मॅकिंटायर यांचे 'आफ्टर व्हर्च्यू' हे पुस्तक आले. विद्यापीठांत बस्तान बसल्यावर विषय शाळेत उतरला. तिथे सवय कोणी तपासत नाही. २५ गुणांचा निबंध तपासतात.