लाकूड रसायनशास्त्र (लगदा अभियांत्रिकी)

कोरड्या लाकडात साधारण ४०–४५ टक्के सेल्युलोज, २०–३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २०–३० टक्के लिग्निन असते. उरते ती राळ, टॅनिन, मेद व राख. कागदाची ताकद सेल्युलोजच्या तंतूंत असते आणि लिग्निन हे तंतू एकमेकांना जखडून ठेवते. सेल्युलोजला धक्का न लावता लिग्निन काढणे, हे लगदा कारखान्यातल्या रासायनिक अभियंत्याचे मुख्य काम.

कार्ल डाल यांना १८८४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालेली क्राफ्ट पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते. लाकडाच्या चिप्स सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात (व्हाइट लिकर) सुमारे १६५–१७०° से. तापमानाला शिजवतात. सल्फाइडमुळे लिग्निन लवकर विरघळते. चिपची जाडी इथे निर्णायक ठरते: ८ मिमीपेक्षा जाड चिपच्या गाभ्यापर्यंत अल्कली पोहोचत नाही, तो कच्चा राहतो आणि चाळणीवर गाठी येतात. बारीक भुसा मात्र जास्त शिजून उतारा घटवतो. उरलेले लिग्निन कप्पा क्रमांकाने मोजतात. तो खाली आणण्यासाठी शिजवणे लांबवले तर सेल्युलोजच्या साखळ्याही तुटतात. म्हणून ठरावीक टप्प्यावर शिजवणे थांबवून पुढचे लिग्निन ऑक्सिजन व विरंजनाने (ब्लीचिंग) काढतात. उतारा लाकडाच्या जेमतेम निम्म्याइतका.

उरलेले निम्मे लाकूड ब्लॅक लिकरमध्ये, म्हणजे शिजवून उरलेल्या काळ्या द्रावणात, जाते. ते बाष्पीभवन यंत्रांत (इव्हॅपोरेटर) ६५ टक्क्यांहून अधिक घन होईपर्यंत आटवून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ, वीज आणि सोडियमचे क्षार परत मिळतात. बॉयलरची नळी फुटून पाणी तळाच्या वितळलेल्या क्षारावर पडले तर भीषण स्फोट होतो. त्यामुळे या विभागाचे प्रशिक्षण सर्वांत कडक असावे लागते. हे क्षार पाण्यात विरघळवून चुन्याने पुन्हा व्हाइट लिकर बनवतात.

या क्षेत्रात यायचे तर रासायनिक अभियांत्रिकीची पदवी पुरते. आयआयटी रूडकीच्या सहारनपूर परिसरात कागद तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. उष्णता व वस्तुमानाचा ताळेबंद, गंजरोधन आणि सांडपाणी हे विषय पक्के हवेत. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरसारख्या बांबूवर वाढलेल्या कारखान्यांत आणखी एक अडचण येते: बांबूतील सिलिका अल्कलीत विरघळते, बाष्पीभवन यंत्रांच्या नळ्यांवर थर धरते आणि व्हाइट लिकर बनवताना उरणाऱ्या चुन्याच्या गाळात साचून तो भट्टीत पुन्हा भाजण्याजोगा ठेवत नाही.