दूध पचण्याआधी दही आले

मोठ्या वयात दूध न पचणे हा आजार नाही, ती माणसाची मूळ स्थिती आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते आणि अंगावरचे दूध सुटल्यावर हळूहळू कमी होत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ते आजही पुरेसे नसते. न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेले की पाणी ओढून घेते, जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो आणि जुलाब होतात.

तरीही माणूस जनावरे दोहत राहिला. वायव्य तुर्कस्तानातल्या इ.स.पू. सातव्या सहस्रकातल्या मडक्यांत दुधाच्या चरबीचे अंश मिळाले आहेत. पोलंडमध्ये सुमारे ७,००० वर्षांपूर्वी चीज गाळायच्या मातीच्या चाळण्या होत्या. कच्छमधल्या कोटडा भडली इथे हडप्पाकालीन भांड्यांतही दूध प्रक्रियेचा पुरावा आहे. त्या जुन्या युरोपीय शेतकऱ्यांच्या डीएनएत मात्र दूध पचवणारा बदल जवळजवळ दिसत नाही. तो पसरला कांस्ययुगात आणि त्यानंतर. दुष्काळ आणि रोगराईत, अशक्त शरीराला जुलाब जिवावर बेतत असताना, हा बदल असलेले तगले असावेत, हा २०२२ मध्ये मांडलेला तर्क सर्वांत पटण्याजोगा वाटतो.

हा बदल फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधला. भारतात तोच आढळतो: वायव्येला जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पूर्व आफ्रिकेत आणि अरबस्तानात वेगळे बदल स्वतंत्रपणे घडले. मंगोलियात तर तो फारसा नाहीच, तरी तिथला आहार दुधावर उभा आहे, कारण बरेचसे दूध आंबवून खाल्ले जाते.

आपल्या स्वयंपाकघरातही हेच चालते. विरजण लागताना साधारण पाव हिस्सा लॅक्टोज संपते. उरलेले फोडायला दह्यातल्या जिवंत जिवाणूंचे विकर आतड्यात मदत करते. कढी उकळली की ही मदत जाते. चक्का टांगला की निवळीबरोबर आणखी लॅक्टोज गळून जाते, तुपात ते जवळजवळ नसतेच. खव्यात उलटे घडते: पाणी आटते, लॅक्टोज राहते. २५० मिली दुधात ते सुमारे १२ ग्रॅम असते आणि एवढे दूध जेवणासोबत बहुतेकांना सोसते. पण जेमतेम ५० ग्रॅम खव्यातही तेवढेच असते. दूध सोडूनही पेढ्यांनी पोट बिघडते ते यामुळे.