छाट कलमांना पाणी किती वेळा द्यावे?

छाट कलम, म्हणजे मुळे फुटावीत म्हणून कापून रोवलेली फांदीची काडी, लावल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस काडीला मुळे नसतात, तरी तिच्यावरची पाने पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर टाकतच असतात. कापलेल्या बुडातून वर चढणारे पाणी ही तूट भरून काढण्यास अपुरे पडते. पाने माना टाकतात आणि ते पाहून कुंडीत आणखी पाणी ओतले जाते. पुष्कळ कलमे दगावतात ती याच टप्प्यावर, आणि तीही गुदमरून.

शेंड्याकडून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक कापलेल्या जागी साठते, तेथील पेशी विभागू लागतात आणि त्यांतून आगंतुक मुळे, म्हणजे खोडातूनच निघणारी मुळे, फुटतात. या कामाला ऑक्सिजन भरपूर लागतो; पण तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. माध्यमातील, म्हणजे काडी ज्यात रोवली आहे त्या मिश्रणातील, पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर पेशींचे श्वसन मंदावते आणि पिथियमसारखे रोगजनक शिरकाव करतात. अशी काडी उपटून पाहिली तर बूड काळे व मऊ पडलेले असते आणि बोटाने दाबताच साल सुटून येते.

म्हणून पानांची गरज आणि बुडाची गरज वेगवेगळी हाताळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पानांवर दिवसा बारीक तुषार वरचेवर हवेत. रोपवाटिकेतील तुषारयंत्रणा काही सेकंद चालून काही मिनिटे थांबते, ती यासाठीच. माध्यमाला मात्र वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे, म्हणजे वाफसा, म्हणजेच ओलावा व हवा यांचा समतोल, टिकतो. माध्यम म्हणून वापरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मूठभर घेऊन दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओलावा पुरेसा आहे. धार लागली तर तो जास्त आहे. कलमे पारदर्शक प्लास्टिकखाली झाकली असतील, तर पाण्याच्या पाळ्या आणखी लांबवाव्यात. जिरेनियमच्या रसाळ काड्या जादा ओलाव्याने चटकन कुजतात, तर हायड्रेंजियाची रुंद पाने तुषारांवाचून लगेच मलूल होतात.

काडी अलगद ओढल्यावर धरून राहिली, की मुळे सुटली असे समजावे. शेवंतीत हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत घडते, गुलाबाला त्याहून अधिक वेळ लागतो. येथून तुषार टप्प्याटप्प्याने कमी करावेत आणि दोन पाण्यांतील अंतर वाढवावे, म्हणजे माध्यमात हवा खेळून मुळांना फाटे फुटतात. कुंडी सदैव चिंब राहिली, तर मुळे आखूड राहतात आणि खालची पाने पिवळी पडतात. मात्र माध्यम पूर्ण कोरडे पडू देऊ नये, कारण मुळांवरचे केसासारखे नाजूक मूलरोम थोड्याच वेळात सुकून जातात.