डॉक्टरांच्या संघटना फक्त ज्येष्ठांसाठी असतात का?
‘डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांत संशोधन करू पाहणाऱ्या तरुणाला वर्गणी भरण्यापलीकडे काही मिळत नाही,’ असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. व्यासपीठावर बहुधा ज्येष्ठच दिसत असल्याने तो स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. एमडीचा प्रबंध संपल्यावर रुग्णसेवेच्या धबडग्यात संशोधन मागे पडते, आणि नेमक्या त्या टप्प्यावर अनेक संघटना सवलतीचे सदस्यत्व, प्रवासासाठी अनुदान आणि तरुणांसाठी स्वतंत्र शोधनिबंध-स्पर्धा देतात. त्याहून मोलाचे म्हणजे, अधिवेशनात आपले संशोधन मांडणाऱ्या पोस्टरसमोर थांबून परगावच्या अनोळखी तज्ज्ञाने ‘रुग्णसंख्या इतकी कमी का घेतली?’ असे विचारणे. आपल्या विभागात हे अनेकदा कोणी विचारत नाही. पडताळण्यासाठी संघटनेची नियमावली उघडून सदस्यत्वाचे प्रकार, अनुदानाची वयोमर्यादा आणि मागील विजेत्यांची यादी पाहावी. तिथे तरुणांसाठी काहीच नसेल, तर त्या संघटनेपुरता हा समज खरा मानावा.