पाच लाखांचा दंड आणि रात्रीचे दिवे

हंगामात रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की दूर समुद्रात पांढरे लख्ख दिवे दिसतात. एलईडीची मासेमारी. उजेडाकडे मासळी ओढली जाते आणि पर्ससीनच्या, म्हणजे भोवती टाकून तळाशी आवळायच्या, जाळ्यात अख्खा थवा उचलला जातो, बारक्या पिल्लांसकट. सकाळी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या जाळ्याला, काय उरतं, ते दोर ओढून हात सोललेल्यांना विचारावं.

केंद्राने एलईडी मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१चा सागरी मासेमारी कायदा कडक केला: दंड किमान ५ लाख, कमाल २० लाख. किमान म्हणजे निवाडा करणाऱ्याला दया आली तरी त्याखाली उतरता येत नाही.

अशा आकड्याने जरब बसते का? तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या म्होरक्याच्या, जागी उभं राहून पाहा. नौका सोडताना त्याच्या डोक्यात २० लाख नसतात. आज गस्तीची नौका कुठे आहे, हे असतं. सापडणारच नाही असं वाटलं, की पुढचा आकडा केवढाही असो, तो हिशेबातच येत नाही. इटलीचा विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच लिहिलं होतं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री गुन्हा रोखते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २०१४चा अहवाल त्याच वाटेने जातो: किमान ठरवून दिलेल्या लांबलचक सक्तीच्या शिक्षांनी गुन्हे रोखले जातात, याला पुरावा तोकडा आहे.

सक्तीला पळवाटाही फुटतात. मिशिगन राज्यात १९७७ पासून गुन्ह्यात बंदूक असली की २ वर्षं जादा कैद ठरली. संशोधकांनी डेट्रॉइटमधले खटले तपासले, तर काही ठिकाणी न्यायाधीशांनी मूळ शिक्षाच कमी करून बेरीज जुनीच ठेवली होती.

आपल्याकडे गाजला तो दंडाचा आकडा. २०२१च्या त्याच दुरुस्तीने निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे नेले, ते फारसं कुणी बोललं नाही. मला तेच जास्त मोलाचं वाटतं, कारण त्याने निकाल लवकर लागू शकतो. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले. आता प्रत्येक बंदरात एक फळा लावावा: या महिन्यात किती नौका दिसल्या, किती पकडल्या, निकाल किती दिवसांत लागला. रापणकर तो रोज वाचतील, आणि एलईडीवाले त्यांच्याही आधी.