गावातला डिफिब

डिफिब म्हणजे डिफिब्रिलेटर, पूर्ण नाव ऑटोमेटेड एक्सटर्नल डिफिब्रिलेटर, थोडक्यात एईडी. ब्रिटनमधल्या खेड्यात फिरलात तर व्हिलेज हॉलच्या भिंतीवर, पबच्या दाराशेजारी नाहीतर जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये एक भडक रंगाची पेटी दिसते, जवळ हिरवी पाटी, तिच्यावर पांढरं हृदय आणि त्यात वीज, तीच ही. कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर जवळ असेल त्या कुणीही, डॉक्टर-नर्स असायची गरज नाही, ट्रेनिंगही लागत नाही, पेटी उघडायची आणि यंत्र वापरायचं, एवढीच कल्पना. पेटी बसवणं एका दिवसाचं काम आहे, ती चालू ठेवणं मात्र कायमचं, आणि सगळे घोळ तिथेच होतात म्हणून इथे त्यावर जरा जास्त लिहिलंय.

आपण 'अटॅक आला' हे सगळ्यालाच म्हणतो, तिथे गल्लत होते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो, छातीत दुखतंय म्हणून स्वतः सांगतो, आणि शुद्धीतल्या माणसाला हे यंत्र लावायचं नसतं. कार्डिॲक अरेस्टमध्ये तो कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास बंद किंवा मधूनच आचके दिल्यासारखा. पुष्कळदा अशा वेळी हृदय पूर्ण थांबलेलं नसतं, नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही. शॉक ती थरथर थांबवतो आणि हृदयाला आपली लय परत पकडायची संधी देतो. सिनेमात सपाट रेषेवर शॉक मारतात ना, ते खोटं, सपाट रेष असली तर एईडी शॉक देतच नाही.

आता खेड्याचाच प्रश्न का, तर मिनिटांचा हिशोब. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, आणि शॉक यातलं काहीच मिळालं नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला साधारण १० टक्क्यांनी घसरते. इंग्लंडमध्ये सगळ्यात गंभीर कॉलला ॲम्ब्युलन्सने सरासरी ७ मिनिटांत पोचावं असं टार्गेट आहे, पण सरासरीत शहरंही आली, डोंगरातल्या एकेरी रस्त्याच्या शेवटच्या गावाला ७ मिनिटांचं स्वप्नही पडत नाही. ब्रिटनमध्ये वर्षाला ३० हजारांहून जास्त लोकांना हॉस्पिटलच्या बाहेर अरेस्ट येतो आणि वाचवायचे प्रयत्न केले जातात, त्यातले १० मधला एकही धड जगत नाही.

उचलून नेता येणाऱ्या यंत्राचा जन्मही तिकडचाच म्हणायला हरकत नाही. १९६५ मध्ये बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधल्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर ॲम्ब्युलन्समध्ये चढवला, वजन ७० किलो! आजचा दीड-दोन किलोचा असतो, शाळेच्या डब्याच्या पिशवीएवढा.

लाल बूथची गोष्ट मजेशीर आहे. मोबाईल आले आणि बूथ ओस पडले, तेव्हा २००८ मध्ये बीटी या टेलिफोन कंपनीने 'ॲडॉप्ट अ किऑस्क' योजना काढली, आतला फोन काढून बूथ १ पाउंडात गावाला. हजारो बूथ असे दत्तक गेले. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावाने २००९ मध्ये त्यात लायब्ररी केली, पण पुष्कळ गावांनी डिफिबच बसवला, आणि ते शहाणपणाचंच होतं कारण बूथ गावाच्या मध्यात असतो, लहान पोरालाही ठाऊक असतो, छत असतं आणि मुख्य म्हणजे विजेची लाइन आधीच आलेली असते. बरेचसे बूथ १९३५ च्या के-सिक्स डिझाइनचे, जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचे, ओतीव लोखंडाचे. त्यातले काही वारसा यादीत आहेत, तिथे भोक पाडायलाही परवानगी लागू शकते, हे आधी विचारलेलं बरं.

हे सगळं करतं कोण? बहुतेक वेळा पॅरिश कौन्सिल, म्हणजे ढोबळमानाने आपली ग्रामपंचायत, फक्त अधिकार आणि पैसा दोन्ही कमी. कायद्याचा आधार म्हणून तिथले क्लार्क १९३६ च्या पब्लिक हेल्थ ॲक्टचं कलम २३४ दाखवतात, ते मुळात पोहण्याच्या वगैरे जागी जीव वाचवायची साधनं ठेवण्यासाठीचं, त्यात आता डिफिब बसवून घेतात. यंत्र साधारण ८०० ते १५०० पाउंडांच्या घरात, बाहेरच्या भिंतीवरची गरम राहणारी पेटी आणि इलेक्ट्रिशियन वेगळे. केक विकून, क्विझ नाइट ठेवून, कुणाच्या आठवणीत देणगी घेऊन पैसे जमतात, २०२३ मध्ये सरकारनेही इंग्लंडसाठी १० लाख पाउंडांचा फंड काढला होता. खरं सांगायचं तर पैसे जमतातच. पेटीचं उद्घाटन होतं, फोटो निघतो, आणि तिसऱ्या वर्षी छातीवर चिकटवायचे पॅड बदलायला पैसे मागितले की सगळे इकडेतिकडे बघायला लागतात.

कुलूप हा वादाचा विषय. चोरीच्या भीतीने बऱ्याच पेट्यांना आकड्यांचं कुलूप असतं, कोड ९९९ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केल्यावर ऑपरेटर सांगतो. आता दरीतल्या गावात सिग्नल नाही, बूथमधला फोन तर आपणच काढून टाकलाय, मग कोड कुठून आणणार? ब्रिटनमध्ये ९९९ चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही लागतो, पण कुठल्याच कंपनीचा टॉवर नसेल तर घरातली लँडलाइन शोधत पळणं आलं. म्हणून पेटी उघडीच ठेवा असं ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था सांगतात. मला विचाराल तर चोरीला गेलेला डिफिब परत घेता येतो.

वापरताना दोन माणसं असली की बरं, एकाने छाती दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, दुसऱ्याने पेटीकडे पळायचं. एकटेच असाल तर सोडून जाऊ नका, सीपीआर चालू ठेवा. यंत्र चालू केलं की ते स्वतःच बोलायला लागतं. कपडे बाजूला करून पॅड उघड्या त्वचेवर चिकटवायचे, एक उजव्या कॉलरबोनच्या खाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगडीवर, पॅडवरच चित्र असतं. सोबतच्या छोट्या पाऊचमध्ये कात्री, रेझर, हातमोजे असतात, छातीवर दाट केस असले आणि पॅड चिकटेना तर तेवढ्यापुरते काढायचे. बाईचे कपडे काढायला लोक कचरतात, कात्री त्यासाठीच आहे, लाजून वेळ घालवायचा नाही. गळ्यातलं मंगळसूत्र किंवा चेन तोडायची गरज नाही, पॅडखाली येणार नाही अशी सरकवली की झालं. यंत्र हृदयाचा ताल तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं, त्यामुळे आपल्या हातून भलत्याच माणसाला शॉक बसेल ही भीती ठेवू नये.

देखभाल. आधी एक गैरसमज, पेटीत वीज आहे म्हणजे यंत्र चार्ज होतंय असं लोकांना वाटतं. नाही. ती वीज हीटर आणि दिव्यासाठी, कारण पॅडवरचा जेल थंडीत खराब होतो आणि बॅटरीही गारठते. यंत्राची स्वतःची लिथियमची बॅटरी असते, बहुतेक मॉडेलमध्ये ती चार्ज होत नाही, ४-५ वर्षांनी बदलावी लागते. पॅडना एक्सपायरी असते, साधारण २ वर्षांपासून पुढे, मॉडेलप्रमाणे, आणि न वापरता नुसते पडून राहिले तरी जेल वाळतो. काही मॉडेलमध्ये पॅड आणि बॅटरी एकाच कॅसेटमध्ये असतात, मग एकच तारीख लक्षात ठेवायची. यंत्र स्वतःची तपासणी स्वतः करतं आणि सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा किंवा बरोबरची खूण दाखवतं, पण तो दिवा बघायला माणूस जायला हवा ना! आठवड्यातून एकदा कुत्र्याला फिरवताना पेटी उघडायची, दिवा बघायचा, हीटर चालू आहे का, आत ओल नाही ना, बिजागरीत कोळ्याने जाळं केलंय का, पाऊच जागेवर आहे का, वहीत तारीख टाकायची. दोन मिनिटांचं काम.

त्या माणसाला तिकडे गार्डियन म्हणतात आणि त्याचं नाव 'द सर्किट' या राष्ट्रीय नोंदणीत असतं. तिथे नोंद असली तरच ९९९ च्या ऑपरेटरला स्क्रीनवर तुमची पेटी दिसते, आज अशा १ लाखाच्या वर पेट्या नोंदलेल्या आहेत. गार्डियनला मेल येतो, यंत्र तयार आहे असं त्याने कळवायचं असतं. घोळ होतो तो इथे, गार्डियन गाव सोडून मुलीकडे राहायला गेला, मेल जुन्या पत्त्यावर जातोय, आणि पेटी भिंतीवर दिसत असली तरी तिला कुणी वाली उरलेला नसतो. म्हणून दोन नावं द्यावीत आणि मेल कौन्सिलच्या पत्त्यावर घ्यावा, कुणाच्या खाजगी नाही.

वापर झाल्यावर पॅड गेले असं धरायचं, नवीन लागतात. शॉकची आणि तालाची नोंद यंत्रात राहते, हॉस्पिटलला ती हवी असते, त्यामुळे कधी कधी यंत्रच ॲम्ब्युलन्सबरोबर जातं आणि परत यायला दिवस लागतात. तोवर सर्किटवर 'उपलब्ध नाही' करून ठेवायचं आणि पेटीवर कागद चिकटवायचा, जवळचा दुसरा डिफिब कुठे आहे ते लिहून.