कार्यक्रमाचा फोटोग्राफर आणि कमर्शियल फोटोग्राफर: धंद्यासाठी नेमकं कोणाला बोलवायचं?

छपाईच्या आणि वेबसाइटच्या मांडणीचं काम करत असल्यामुळे लोकांनी काढून घेतलेले फोटो शेवटी माझ्यासमोर येतात. एकदा एका उत्पादकाकडून स्टीलच्या थर्मासचे चाळीस फोटो आले. फोटोग्राफर अनुभवी, कॅमेरा भारी. पण प्रत्येक थर्मासच्या पोटावर तो स्वतः उभा होता! निळा शर्ट, डोळ्याला लावलेला कॅमेरा, मागे खिडकी. हाच माणूस कार्यक्रमांचे फोटो सुरेख काढायचा, ते मी पाहिलेले होते. त्यामुळे त्याला फार दोष देववेना. फोटोग्राफर म्हणजे फोटोग्राफर, असं धरून चालणाऱ्याने त्याला बोलावलं होतं.

दोघांच्याही पाटीवर ‘प्रोफेशनल’ लिहिलेलं असतं, दोघांच्या खांद्यावर बॅगही सारखीच. काम मात्र जवळजवळ उलटं. कार्यक्रमाचा फोटोग्राफर घडतंय ते टिपतो. कमर्शियल फोटोग्राफर म्हणजे धंद्यासाठी वस्तूंचे वगैरे फोटो काढणारा; त्याच्यासमोर काहीच घडत नसतं, टेबलावर एक वस्तू असते आणि चित्र त्याला उभं करायचं असतं.

उद्घाटन, विक्रेत्यांचा मेळावा, कर्मचाऱ्यांचा सत्कार हा पहिल्याचा प्रांत. फीत कापायला दोन सेकंद लागतात आणि ती पुन्हा कापता येत नाही. हॉलमधला प्रकाश त्याच्या हातात नसतो, उभं राहायची जागाही त्याला ठरवता येत नाही. म्हणून तो एफ २.८ चे, म्हणजे कमी उजेडातही चालणारे, दोन झूम लेन्स बाळगतो, एक २४-७० एमएम आणि एक ७०-२००, गरज पडली तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत चढवतो, थोडे दाणे दिसले तरी चालतील म्हणतो आणि क्षण पकडतो. त्याला विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हा: ‘तुमचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का?’ कार्ड बिघडलं तर कार्यक्रम परत भरवता येत नाही.

दुसऱ्याचा दिवस फार संथ. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, लेन्सचं छिद्र लहान, एफ ८ ते ११ च्या आसपास, आणि कॅमेऱ्यातून एक केबल थेट लॅपटॉपमध्ये, म्हणजे प्रत्येक फोटो तुम्हाला तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर दिसतो. दिवसभरात दहा-पंधराच फोटो झाले तरी त्याला त्यात वावगं वाटत नाही. नवख्या मालकाला मात्र वाटतं.

तोच थर्मास त्याच्याकडे गेला असता तर काय झालं असतं? चकचकीत स्टीलवर प्रकाश टाकून फारसा उपयोग नाही, कारण ते आरशासारखं असतं. समोर जे असेल ते दाखवतं. म्हणून थर्मासला काय ‘दिसेल’ हे ठरवावं लागतं. दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपरचे मोठे पडदे लावायचे आणि फ्लॅश त्यांच्यामागे ठेवायचे, म्हणजे धातूवर पांढऱ्याकडून करड्याकडे हळूहळू उतरत जाणारी छटा येते. पार्श्वभूमी पांढरी असेल तर थर्मासची कड तिच्यात विरघळून जाते. मग दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्यांचं प्रतिबिंब कडेला बारीक काळी रेघ ओढतं आणि वस्तूला आकार येतो. कॅमेरा लांब असतो आणि शंभर एमएमच्या आसपासच्या लेन्सने पडद्यांमधल्या फटीतून डोकावतो. तरीही त्याचं एक उभं काळपट प्रतिबिंब उरतंच, ते नंतर संगणकावर पुसतात. अशा चकचकीत वस्तूच्या एका फोटोला तास-दीड तास सहज जातो.

रंगाचंही तसंच. कार्यक्रमात चेहरे जरा पिवळट आले तर कोणी तक्रार करत नाही. मरून कापड विटकरी दिसलं तर मात्र गिऱ्हाईक पार्सल परत पाठवतं. खिडकीतून येणारा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (उजेड किती पिवळट किंवा निळसर, याचं हे माप), छताला लावलेले दिवे ४००० चे, आणि दोन्ही एकाच कापडावर पडले की डाव्या बाजूला एक रंग, उजव्या बाजूला दुसरा. मग संगणकावर कितीही झटापट करा, एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते. कमर्शियल फोटोग्राफर दिवे बंद करतो, खिडकी झाकतो, स्वतःचा प्रकाश लावतो आणि पहिला फोटो २४ चौकटींच्या रंगतक्त्याचा काढतो. हा तक्ता १९७६ पासून वापरात आहे. तो त्याच्या बॅगेत नसेल आणि तुमचा धंदा कापडाचा किंवा रंगाचा असेल, तर मी दुसरं दार ठोठावीन.

दोघांचं काम तपासायची रीतही वेगळी. वेबसाइटवरचे निवडक वीस फोटो कोणाचेही छान असतात. कार्यक्रमवाल्याकडे एकाच कार्यक्रमाचा अख्खा संच मागा आणि मधल्या कंटाळवाण्या भाषणांचे फोटो बघा. कमर्शियलवाल्याकडे एकाच प्रकारच्या दहा वस्तू मागा. सगळ्यांची उंची, सावली, पांढरेपणा जुळतो का? आणि एका फोटोवर बोट ठेवून ‘हा प्रकाश कसा लावलात?’ असं विचारा. ज्याने खरंच लावलाय तो कागद-पेन ओढून आकृती काढू लागतो.

पैशांचा हिशेब दोघांचा जुळत नाही, आणि भांडणं बहुतेक तिथेच होतात. कार्यक्रमवाला तासांवर किंवा दिवसावर घेतो आणि शेकडो फोटो देतो. दुसरा दिवसावर किंवा फोटोमागे घेतो, वर वापराचा परवाना वेगळा: वेबसाइटपुरता, छापील कॅटलॉगला, की रस्त्यावरच्या फलकालाही, आणि किती काळ. फोटोवरचा हक्क कोणाचा याचे कायदे देशोदेशी निराळे आहेत, त्यामुळे हे आधीच कागदावर आणा. फाइलचा आकारही लिहून घ्या. ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर २० बाय १३ इंचांपर्यंत जाते. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवलेली प्रत आकसून येते, ती मोठी धड छापता येत नाही. (अशा प्रती मला आजही आठवड्याला येतात.)

कर्मचाऱ्यांचे चेहरे हा गोंधळाचा प्रकार. वाटतं कार्यक्रमवाल्याचं काम, अर्ध्या तासात उरकेल. पण सहा महिन्यांनी नवा माणूस रुजू होतो आणि त्याचा फोटो बाकीच्यांच्या रांगेत उपरा दिसतो. इथे कमर्शियलवालाच हवा: कोणता लेन्स, दिवा किती फुटांवर, पडदा कोणता, हे वहीत लिहून ठेवणारा. आणि तो जवळपास राहणारा असला तर उत्तम, कारण एका चेहऱ्यासाठी लांबून कोणी येत नाही. दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटोही जवळच्यानेच काढावा. सूर्य मावळल्यानंतरची वीसेक मिनिटं, जेव्हा आभाळ निळं असतं आणि पाटीचा दिवाही उठून दिसतो, तेव्हाचा फोटो हवा असतो. आज ढग आले तर तो उद्या पुन्हा येऊ शकतो.

थर्मासचे फोटो शेवटी नव्याने काढावे लागले. जुन्या चाळीसांपैकी एकच मी वापरला, पाठमोऱ्या ठेवलेल्या खोक्याचा. खोकं पुठ्ठ्याचं होतं.